सात तांबडे खुंट

खुंट दिपालीनेच रोवले होते. लोखंडी, दीड मीटर लांबीचे, वरचा अर्धा मीटर तांबड्या रंगाचा. तांबडा रंग जिथे संपतो ती रेघ बरोबर जमिनीला टेकेल इतका खुंट आत ठोकायचा आणि पुढे जमिनीवर किती तांबडं उरलंय ते पट्टीने मोजत राहायचं. तांबडं जेवढं कमी झालं तेवढा गाळ चढला. एवढंच काम.

हे काम ती कोकणातल्या एका खाडीत तीन महिने राहून शिकली होती. तिथे भरती दिवसातून दोनदा यायची आणि जाताना कागदाएवढा पातळ थर मागे ठेवायची. वडवणी तालुक्यातल्या तिच्या गावाला समुद्र कुठला असायला, पण धरणाचा फुगवटा होता. पावसाळ्यात पाणी चढत चढत गावच्या पांदीला, शेताकडे जाणाऱ्या वाटेला, लागायचं आणि दिवाळीनंतर हळूहळू मागे सरकायचं. वर्षातून एकदाच येणारी भरती, असं ती संस्थेतल्या लोकांना समजावून सांगायची.

पाणी सरकलं की मागे जी ओली, काळी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. धरणात ज्यांची शेतं बुडाली त्यांना ती एकेक वर्षाच्या कराराने पेरायला मिळते. खत नको, पाणी नको. हरभरा नुसता फेकला तरी कमरेला लागतो. दिपालीचा बाप वारला त्या वर्षी मुक्ताबाईच्या वाट्याला दोन एकर गाळपेर आली. तोवर नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचे. गाळपेर मिळाली आणि मुक्ताबाईने कोयता आढ्याला खोचला तो खोचलाच. हरभऱ्यावर, टरबुजांवर तिने पोरीला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं.

चार वर्षांपूर्वी एक संस्था आली. फुगवट्याच्या त्या टोकाला पूर्वी पाणथळ होती, पाखरं यायची, ती पुन्हा उभी करायची म्हणाली. चाळीस एकरांवरची पेर थांबवायची, लव्हाळे लावायचे, पाण्याला जायला-यायला चर काढून द्यायचे. कारणही शास्त्रशुद्ध दिलं: गाळपेर नांगरल्याने माती सुटते आणि ती धरणात जाते. तेरा घरांची पेर त्यात जात होती. दिपाली तेव्हा नुकतीच संस्थेत लागली होती. तिला ठाऊक होतं की माती नांगराने सुटत नाही. माती वरून येते, राधाकिशन तात्यांच्या मुरूमखाणीतून. रस्त्याच्या कामासाठी तात्यांनी डोंगराची अख्खी कूस उघडी केली होती आणि पहिल्या पावसात खालचा ओढा चहासारखा वाहायचा. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. म्हणून तिने हट्ट धरून करारात एक कलम घालून घेतलं: तीन पावसाळे पेर बंद ठेवून गाळ मोजायचा. पेर थांबूनही गाळ चढत राहिला तर दोष नांगराचा नाही, आणि मग गाळपेर तेरा घरांना परत.

"तू म्हणतीस तर देतो सही," सावित्रीबाई म्हणाली होती. ती शेजारची, मुक्ताबाईसारखीच विधवा. "तीन वर्सं कशी बी काढू. पर तुजं गणित चुकलं तर तुज्या घरी येऊन जेवीन बग रोज."

"या काकू. भाकरी तुम्हीच थापायची."

मे महिन्यात दिपालीने ओढ्याच्या मुखाशी सात खुंट एका ओळीत रोवले. पंधरा दिवसांनी आली तर सातही खुंटांना शेंदूर, हळदीकुंकू, पायाशी शिरगोळ्याच्या पांढऱ्या पिठीची रांगोळी. पाण्याच्या काठाला, एका ओळीत, सात, आणि वरून तांबडे. आता त्या सातीआसरा, पाण्याच्या सात देवी, नाहीत तर काय? गावच्या जुन्या आसरा तर धरणातच गेल्या होत्या. बायकांना वाटलं, परत आल्या.

दिपालीला बरंच वाटलं. लोखंड म्हटल्यावर भंगारवाला एका रात्रीत उपटून नेतो. शेंदूर फासलेल्या खुंटाला कोण हात लावेल? तिने बायकांना एवढंच सांगितलं, "हे गाळ मोजायचे खुंट आहेत. पूजा करा, माझं काही नाही. पण सांभाळा यांना." आणि पहिल्या अहवालात एक वाक्य लिहिलं: स्थानिक श्रद्धेमुळे खुंट सुरक्षित आहेत.

पहिला पावसाळा गेला. जानेवारीत खुंट पाण्याबाहेर आले तेव्हा दिपाली बीडहून येऊन चिखलात उतरली आणि तिने पट्टी लावली. पन्नास. पन्नास पूर्णांक दोन. एकोणपन्नास पूर्णांक नऊ. सातही खुंट पन्नासच्या आसपास. गाळ शून्य.

तिने पट्टी बदलून पाहिली. ओढा तर डोळ्यांदेखत लाल वाहिला होता. मग तिने स्वतःची समजूत घातली: लव्हाळ्यांनी गाळ वरच अडवला असेल, चरातून निघून गेला असेल. दुसऱ्या वर्षीही पन्नास. तिने नोंद केली, सही केली. आकडा समोर दिसत असताना मनातलं खरं धरायचं नाही, हेच तर ती शिकली होती.

तिसऱ्या वर्षी आकडे तपासून कराराचा निकाल देणारी समिती फेब्रुवारीत येणार असं ठरलं. संस्थेचे प्रकल्पप्रमुख बद्रीनाथ सर म्हणाले, आकडे जरा लवकर द्या. म्हणून जानेवारीतल्या एका मंगळवारी ती न कळवता सकाळच्या एसटीने आली आणि पांदीतून थेट पाणथळीकडे गेली.

चिखलात तिघी होत्या. खुंटाला दोर बांधलेला, दोरात बल्ली अडकवलेली, बल्लीच्या एका टोकाला मुक्ताबाईचा खांदा, दुसऱ्याला सावित्रीबाईचा. तिसरी मंगल, तरणीताठी, खुंटाला मिठी मारून तो डावीउजवीकडे हलवत होती.

"माय! काय करायलीस?"

"अगं, आलीस व्हय?" मुक्ताबाईने खांदा न काढताच मान वळवली. "सांगितलं बी न्हाईस. थांब, पाचवी ऱ्हायलीय."

"पाचवी काय?"

"आसरा. बग की, अर्धी वीत मातीत गेली बाई. औंदा लई जड झालीय."

"खाऊन खाऊन," सावित्रीबाई धापा टाकत म्हणाली. "आपण उपाशी आन् देवी जाड."

खुंट एक हिसका देऊन वर आला. मंगलने खाली वाकून पदराच्या टोकाने चिखल पुसला, तांबडा रंग पार तळापर्यंत दिसतोय ना ते पाहिलं, भोवतीची माती पायाने दाबली आणि हात जोडले.

"दरवर्षी काढता?" दिपालीने विचारलं.

"मंग?" मंगल म्हणाली. "पाणी सरकलं की पैल्या मंगळवारी. शेंदराचं अंग मातीत जाऊ द्यायचं नसतं. तांबडं दिसंस्तवर वर घेतो, रांगोळी टाकतो, झालं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुक्ताबाई हसली. "कुणी म्हंजी? तूच की. म्हणालीस, सांभाळा यांना. बुडवायच्या का मंग?"

दिपाली बांधावर खाली बसली. मुक्ताबाई चिखलाच्या पायांनी वर आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. "काय चुकलं का गं?"

तिने सांगितलं. चिखलात काडी रोवून, भोवती माती चढवून, काडी उपटून दाखवली. तिघींना समजायला दोन मिनिटं लागली नाहीत. आयुष्यभर मातीतच गेलेल्या बायका त्या.

"म्हंजी आमी देवीला वर काढलं," मंगल हळूच म्हणाली, "आन् आपल्या तेरा घरांना खाली घातलं."

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात दिपालीचं लक्ष चौथ्या खुंटाच्या पायाशी गेलं. सकाळी टाकलेली रांगोळी ओल्या गाळावर घट्ट बसली होती. ती उठली. "माय, रांगोळी दरवर्षी इथेच टाकता? याच जागी?"

"देवीच्या पायाशीच की. दुसरीकडं कुठं टाकायची?"

तिने घरून फावडं आणायला लावलं. खुंटापासून हातभर अंतरावर, जिथे पाय पडले नसतील अशी जागा पाहून तिने सरळ खड्डा घेतला आणि त्याची एक भिंत पात्याने तासून गुळगुळीत केली. काळ्या-तपकिरी गाळात पांढऱ्या रेघा होत्या. तीन. वहीत आखाव्यात तशा. पृष्ठभागापासून अकरा सेंटिमीटरवर एक, तिच्याखाली सातवर दुसरी, तिच्याखाली नऊवर तिसरी, खुंट रोवले त्या मे महिन्यातली. खाडीत त्यांनी हेच तर केलं होतं. मुद्दाम पांढरी भुकटी पसरून ठेवायची आणि वर्षाने कापून पाहायचं, तिच्यावर किती चढलं ते. इथे बायकांनी ते न सांगता केलं होतं.

अकरा, सात आणि नऊ. तीन पावसाळ्यांत सत्तावीस सेंटिमीटर. तिने चार ठिकाणी कापून पाहिलं. दोन जागी पायांनी सगळं कालवलं होतं, दोन जागी रेघा स्वच्छ होत्या. पट्टी लावून तिने फोटो काढले.

बद्रीनाथ सर वाईट माणूस नव्हते. बीडच्या कार्यालयात त्यांनी फोटो मोठे करून पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"दिपाली, दोन वर्षं तुम्ही शून्य लिहिलंय. वर तुमचंच वाक्य आहे, खुंट सुरक्षित आहेत."

"चूक माझी आहे सर. तसं लिहून देते. पण गाळ तर खरा आहे."

"मी कुठे नाही म्हणतो? समितीपुढे मांडा. फक्त एक. ही रेघ म्हणजे अमुक वर्षीची रांगोळी, हे कशावरून? त्या बायकांनी उभं राहून सांगायला हवं, की आम्ही खुंट वर काढले आणि तेव्हा ही टाकली. त्या बोलल्या तर विषय संपला. नाही बोलल्या तर तुमच्याकडे खड्ड्याचे फोटो आहेत, बस."

त्या बोलतील यात दिपालीला शंका नव्हती. "त्यात काय," मुक्ताबाई म्हणाली होती, "केलंय ते सांगायचं."

समिती आली ती तीन जणांची, त्यातले बोलणारे एकटे निवृत्त अभियंता. बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. भजी आणि चहा राधाकिशन तात्यांकडून. गावात कुणीही साहेब आला की भजी तात्यांकडूनच असायची. अभियंत्यांनी दिपालीचं सगळं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. रेघांचा फोटो ते बराच वेळ धरून बसले.

"सुंदर आहे हे," ते म्हणाले. "पांढरा थर घालून मोजायची पद्धत मला माहीत आहे. पण थर कधी घातला याला साक्ष लागते. आणखी एक वर्ष मोजा म्हणालो असतो, पण कराराची मुदत संपली, ते आमच्या हातात नाही. बोलवा बायकांना. आधी चहा घेऊ."

चहाच्या वेळी दिपाली नकाशा भिंतीला चिकटवत होती. खिडकीतून तिला नळाजवळ मुक्ताबाई दिसली, आणि तिच्याशी बोलणारे तात्या. तात्या हात जोडून, वाकून, घरच्या माणसाने काळजीने बोलावं तसे बोलत होते. मुक्ताबाईने पदर तोंडाशी धरला होता.

सगळे पुन्हा बसले. अभियंत्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "मुक्ताबाई, घाबरायचं नाही. हे खुंट तुम्ही कधी वर काढले होते का?"

मुक्ताबाईने दिपालीकडे पाहिलं. मग तिच्या गळ्यातल्या संस्थेच्या ओळखपत्राकडे.

"न्हाई साहेब."

"माय!"

"रांगोळी टाकतो सणासुदीला. कवा बी टाकतो, कुठं बी टाकतो. खुंटाला हात न्हाई लावला."

"माय, अगं, मी स्वतः पाहिलंय. खांद्यावर बल्ली होती तुझ्या."

हॉलमध्ये कुजबुज झाली. तात्या मागून सौम्यपणे म्हणाले, "पोरीवर कशापायी चिडायचं, तिचं बी काम हाय. वैनी, आसरांची आण घेऊन सांगा ना. म्हंजी तिचं समाधान हुईल, साहेबांचं बी."

मुक्ताबाईने पदर सावरला. मग ती मोठ्याने म्हणाली, "आसरांची आण. हात न्हाई लावला."

सावित्रीबाईने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मुक्ता म्हणती तसंच." मंगल म्हणाली, "मला काय ठावं न्हाई. मी नवी हाय."

अभियंत्यांनी फोटो अलगद फाइलवर ठेवला. नंतर आपली फाइल उचलताना तो फोटो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

घरी जाताना दोघी पांदीत एकामागे एक चालल्या. अर्ध्या वाटेवर दिपाली थांबली.

"तात्यांनी काय सांगितलं तुला?"

"काय सांगायचं? खरं ते सांगितलं. सरकारी खुंट उपटले म्हणून आमच्यावर केस. ती झाली असती तर झाली असती. आमी काय, जाऊन बसलो असतो." मुक्ताबाई पुढेच पाहत होती. "पर दोन वर्सं खोटे आकडे लिवले म्हणून तुला आत घेत्यात. नोकरी तर जातीच. कागदावर सही कुणाची हाय? तुजी."

"असं काही नसतं माय. आकडा चुकला तर चुकला म्हणायचं आणि पुन्हा मोजायचं. रोज चुकतात लोकांचे. कुणी आत घेत नाही."

"तुला काय ठावं मोठ्या लोकांचं?"

"मला नाही ठाऊक? माझं काम आहे ते!"

मुक्ताबाईला आता समजत होतं; ते समजणं तिच्या तोंडावर दिसत होतं आणि दिपालीला ते पाहवेना.

"गेली मंग गाळपेर," मुक्ताबाई म्हणाली.

"गेली."

"आसू दे. तुजी नोकरी ऱ्हायली ना."

"उद्या चल माझ्यासोबत. साहेब बीडला आहेत. खरं ते सांग."

"आसरांची आण घेतलीय मी." तिने मान हलवली. "आता कंच्या तोंडानं फिरवू? देवीला चिखलातून काढायची आन् तिचीच खोटी आण घ्यायची, एवढं झालं की. अजून किती करू?"

त्या दिवशी ती जेवली नाही. पाणथळीकडे पुढे कधी फिरकलीही नाही. सावित्रीबाई मात्र दुसऱ्या सकाळी दारात येऊन उभी राहिली. "दिपे, जेवायला येते म्हणलेते. पर तुजं गणित चुकलं न्हाई, म्हणून आले न्हाई," असं म्हणून उंबऱ्यावरूनच परत गेली.

अंतिम अहवाल मार्चमध्ये आला. दिपालीने सही करायला नकार दिला. बद्रीनाथ सरांनी दोन दिवस वाट पाहिली, मग स्वतः सही केली आणि खाली लिहिलं, श्रीमती दिपाली यांच्या दोन वर्षांच्या नोंदींवरून आणि यंदा खुंटांवर दिसलेल्या आकड्यांवरून. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. नोंदी तिच्याच होत्या. पांदीच्या तोंडाशी मोठा फलक लागला: नांगर थांबला, गाळ थांबला. फलकाचा खर्च तात्यांनी केला, आणि उन्हाळ्यात खाणीचा दुसरा खड्डा सुरू झाला.

महिनाअखेर दिपालीने राजीनामा दिला. बीडमध्ये एका शिकवणी वर्गात ती नववी-दहावीला विज्ञान शिकवू लागली. गावात तिने हे सांगितलं नाही. दर फोनला सांगू म्हणायची आणि दर फोनला मुक्ताबाई आधीच विचारायची, "नोकरी बरी हाय ना?" मग ती बरी आहे म्हणायची.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघाल्या. मुकादम सटवा गावात येऊन नावं घेऊन गेला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो. मुक्ताबाईला बावन्न वर्षं, सावित्रीबाईला त्याहून दोन जास्त. दोघींनी मिळून एक कोयता सांगितला तेव्हा सटवा आधी हसला आणि मग ट्रक भरत नाही म्हणून घेतलं त्याने.

दिपाली पोहोचली तेव्हा ट्रक शाळेसमोर उभा होता. भांड्यांची पोती, चुलीच्या लोखंडी जाळ्या, एक शेळी आणि त्यावर माणसं. मुक्ताबाई मागच्या फळीला टेकून बसली होती. आढ्यातला कोयता तिने काढून सुतळीने बोचक्याला बांधला होता, पात्याला नवी धार होती.

"अगं, कशापायी आलीस एवढ्या लांब?" ती वरूनच म्हणाली. "रजा टाकलीस व्हय?"

"हो."

"साहेब बोलला न्हाई काय?"

दिपालीने फळीला हात लावला. सावित्रीबाई तिच्याकडे टक लावून पाहत होती. "नाही माय. चांगले आहेत साहेब."

"बगा," मुक्ताबाई शेजारच्या बायकांना म्हणाली, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात थोडा तोरा आला. "मागंल तवा रजा देतो. पैल्यापासनं लई जीव हाय त्यांचा हिच्यावर. पक्की नोकरी हाय आता."

"हाय ना गं?" सावित्रीबाईने विचारलं.

"हो काकू. पक्की आहे."

सटवाने ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली. गाडी हलली, भांडी वाजली, शेळी ओरडली. वळणाशी मुक्ताबाई अर्धवट उठून उभी राहिली, फळीला धरून, आणि हात तोंडाशी नेऊन ओरडली,

"लई रजा घेत जाऊ नको!"